पाळण्याचा खर्च

लहान मूल सांभाळण्यास खर्च लागतो, ही गोष्ट कोणत्याहि गृहिणीस शिकवावी लागत नाहीं. परंतु देशाच्या जमाखर्चांत हा खर्च बहुधा दिसत नाहीं. आई घरीं राहिली तर तिची बुडालेली मजुरी कोठें लिहिली जात नाहीं. थोरली बहीण शाळा सोडून धाकट्यास कडेवर घेऊन बसली तर तिचें बुडालेलें शिक्षण कोणाच्या खात्यावर पडत नाहीं. आणि मूल एकटें पडून आजारी झालें किंवा दगावलें, तर तो दैवाचा भाग समजला जातो. वास्तविक हे तिन्ही खर्चच होत. सार्वजनिक तिजोरींतून बालसंगोपनास पैसा द्यावा कीं न द्यावा, हा वाद जेव्हां जेव्हां निघतो, तेव्हां जणूं कांहीं नवीनच खर्च काढावयाचा आहे अशा रीतीनें तो चालतो. इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, हा खर्च कोणासहि टाळतां आलेला नाहीं. तो कोणाच्या माथीं बसला, आणि तसा बसल्यामुळें काय परिणाम झाला, एवढाच विचार करावयाचा उरतो. मुंबईच्या गिरण्यांपासून कोसबाडच्या टेकडीपर्यंतची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

या हकीकतीचा पहिला धडा मात्र स्कॉटलंडमधील आहे. न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीचे चालक रॉबर्ट ओवेन यांनीं १ जानेवारी १८१६ रोजीं कामगारांच्या मुलांसाठीं एक संस्था उघडली. नुकतें चालूं लागलेलें मूलहि तेथें घेत असत. लहानग्यांस मारूं नये, पुस्तकांनीं त्रासवूं नये, त्यांस मोकळ्या हवेंत खेळूं द्यावें, असा तेथील दंडक होता. त्यांच्यावर नेमलेला शिक्षक जेम्स ब्यूकॅनन हा मूळचा विणकर. दहा वर्षांखालील मुलांस गिरणींत कामावर घ्यावयाचें नाहीं, हा नियमहि ओवेन यांनींच घातला होता. ओवेन परोपकारी होते, तसेच हिशेबीहि होते. लोखंडी यंत्राची निगा राखल्यानें नफा वाढतो हें मालकांस कळतें, मग यंत्र चालविणाऱ्या जिवंत माणसाची निगा राखण्यांत तोटा कसा होईल, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आपल्या गिरणीच्या नफ्याकडे बोट दाखवून ते तो विचारूं शकत. परंतु ही सर्व व्यवस्था एका मालकाच्या मर्जीवर उभी होती. भागीदारांचें मन फिरलें तसे तेथील शाळेंत बदल झाले, आणि खुद्द ओवेन यांनाहि पुढें न्यू लॅनार्क सोडावें लागलें.

मुंबईंत कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी १८५६ सालीं चालूं झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तेथील गिरणी-कामगारांपैकीं सुमारें एक पंचमांश स्त्रिया होत्या. सूत गुंडाळण्याचें आणि त्याच्या लडी करण्याचें काम मुख्यतः त्यांच्याकडे असे. कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या या बायका गांवीं असत्या, तर सासू, जाऊ, नणंद यांपैकीं कोणीतरी त्यांचें मूल पाहिलें असतें. गिरणगांवांतील चाळीच्या एका खोलींत तें माणूस नव्हतें. पहांटे भोंगा झाला कीं आईस निघावें लागे. तान्हें मूल शेजारच्या म्हातारीच्या हवालीं होई, नाहीं तर तसेंच निजवून ठेवावें लागे. तें दिवसभर निजून राहावें म्हणून त्यास अफूची गोळी देत. तिला बाळागोळी असें लाडकें नांव होतें. १९२१ सालीं मुंबई सरकारनें कामगार स्त्रियांच्या प्रसूतीसंबंधीं चौकशी करण्यासाठीं डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांस नेमलें. कामगार स्त्रियांच्या शेंकडा ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असें त्यांच्या पाहणींत आढळलें. त्याच साली मुंबई शहरांत दर हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक मुलें वर्षाच्या आंत मरण पावल्याची नोंद आहे. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास गांवीं जात व जन्म तिकडे नोंदला जाई, म्हणून हा आंकडा असावा त्याहून मोठा दिसतो. परंतु तेवढी सूट देऊनहि तो भयंकरच राहतो.

या आयांस निष्ठुर म्हणणारे लोक त्या काळीं होते. परंतु गोळी न द्यावी तर मूल रडून रडून अर्धमेलें होई, आणि कामावर न जावें तर घरांत चूल पेटत नसे. अफूची गोळी हें त्या काळचें सर्वांत स्वस्त पाळणाघर होतें. त्याचा एक पैसाहि गिरणीमालकाच्या अंगावर पडत नव्हता, सरकारच्याहि पडत नव्हता. त्याची सगळी किंमत मूल देत होतें.

हा खर्च मुलाच्या अंगावरून काढून दुसऱ्या कोणावर तरी टाकला पाहिजे, हा विचार कायद्याच्या रूपानें प्रथम १९१९ सालीं पुढें आला. त्या साली वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेची पहिली बैठक भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधि म्हणून ना. म. जोशी तेथें गेले होते. प्रसूत स्त्रीस रजा आणि रजेंत निर्वाहापुरती रक्कम मिळावी, असा करार त्या बैठकींत झाला. आणि ही रक्कम सार्वजनिक निधींतून अथवा विम्याच्या योजनेंतून द्यावी, असें त्यांत स्पष्ट कलम होतें. हा भार ज्या त्या मालकावर सुटा सुटा टाकूं नये, ही दूरदृष्टि अगदीं आरंभींच दाखविली गेली होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत या विषयावरील विधेयक आणलें. परंतु तें पास होऊं शकलें नाहीं.

पुढें १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत तशाच विधेयकावर चर्चा झाली. तींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं विधेयकास पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधीं व नंतर आईस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि लोकांचें कल्याण पाहणें हें मूलतः सरकारचें काम असल्यामुळें या खर्चाचा मोठा वांटा सरकारनें उचलला पाहिजे, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. तथापि मालकहि स्त्रीस कामावर घेतो तें आपल्या फायद्यासाठींच. म्हणून त्यानें कांहीं भार सोसणें गैर नाहीं, असेंहि त्यांनीं बजाविलें. १९२९ सालीं कायदा झाला. मुंबई इलाख्यास त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु खर्चाची विभागणी झाली नाहीं. सरकारचा वांटा शून्य राहिला व सर्व रक्कम मालकानें द्यावयाची ठरली.

याचा परिणाम काय झाला? ज्या मालकाकडे स्त्रिया अधिक त्याला खर्च अधिक, आणि ज्याच्याकडे एकहि स्त्री नाहीं तो मोकळा, असा हा हिशेब होता. मालकानें मनांत आणलें तर या खर्चांतून सुटण्याचा मार्ग सरळ होता. तो म्हणजे स्त्रियांस कामावर न घेणें. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण उतरत गेलें आणि गिरणीधंद्याच्या अखेरच्या काळांत तें शेंकडा पांचांच्याहि खालीं आलें. याचें सगळें खापर त्या एका कायद्यावर फोडणें अन्यायाचें होईल. नवीं यंत्रें आल्यामुळें स्त्रियांचीं खातीं आटलीं. पाळ्या वाढल्या, आणि स्त्रियांस रात्रीं काम करण्यास मनाई होती. परंतु या कारणांच्या भरीस हें एक कारण निश्चितपणें होतें. कायदा स्त्रीच्या रक्षणासाठीं केलेला होता. पण त्यानें स्त्री-मजुरावर एक प्रकारची जकातच बसविली.

पाळणाघरांच्या बाबतींतहि तोच प्रकार झाला. शाही कामगार आयोगानें १९३१ सालच्या अहवालांत कारखान्यांतून पाळणाघरें असावींत अशी शिफारस केली होती. १९४८ च्या कारखाने कायद्यानें तें बंधन घातलें. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं स्वच्छ, हवेशीर खोली आणि प्रशिक्षित बाई ठेवावी, असें तें कलम होतें. हेतु उत्तम. परंतु पन्नास स्त्रियांपर्यंत खर्च कांहींच नाहीं, आणि एक्कावन्नावी स्त्री आली कीं सगळें पाळणाघर उभारावयाचें, असें झाल्यावर हिशेबी कारकुनाची लेखणी पन्नासावर थांबली तर नवल तें काय! १९७६ सालीं ही मर्यादा तीसावर आणली गेली. रेघ सरकली, पण मोह तसाच राहिला. २०१७ सालीं प्रसूतिलाभ कायद्यांत दुरुस्ती झाली, तेव्हां मात्र स्त्रिया किती हें न मोजतां स्त्री-पुरुष मिळून पन्नास नोकर ज्या ठिकाणीं असतील तेथें पाळणाघराची सोय असावी, असें ठरलें. मूल जसें आईचें तसें बापाचेंहि आहे, एवढी साधी गोष्ट कायद्याच्या गणितांत उतरण्यास किती वर्षें लागलीं, हें यावरून दिसून येईल. तथापि त्याच दुरुस्तीनें २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा भार पुन्हां मालकावरच ठेवला. विम्याची जी वाट १९१९ सालींच दाखविली होती, ती १९४८ च्या कामगार विमा कायद्यानें कांहीं कामगारांपुरती उघडली. बाकीच्यांस ती बंदच राहिली.

सरकारनें स्वतः खर्च केला तर काय होतें, याचा मोठा प्रयोग दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत झाला. पुरुष रणांगणावर गेले आणि जहाजांच्या व विमानांच्या कारखान्यांस हात कमी पडूं लागले. स्त्रिया यावयास तयार होत्या, पण मुलांचें काय? १९४३ पासून लॅनहॅम कायद्याखालीं सरकारनें बालगृहांस पैसा दिला. आईनें दिवसाचे ५० सेंट भरावे, उरलेला खर्च सरकारनें सोसावा, अशी रीत होती. १९४४ च्या उन्हाळ्यांत अशा तीन हजारांहून अधिक ठिकाणीं सुमारें १ लक्ष ३० हजार मुलें जात होतीं. युद्ध संपलें, आणि १९४६ सालीं हा पैसा बंद झाला. पुष्कळ बालगृहें मिटलीं. कॅलिफोर्निया संस्थानानें मात्र आपल्या तिजोरींतून तीं चालू ठेविलीं. या प्रयोगाचें खरें फळ पुष्कळ वर्षांनंतर मोजलें गेलें. क्रिस हर्बस्ट या अर्थशास्त्रज्ञानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें कीं, जेथें हा खर्च अधिक झाला तेथें आयांचा रोजगार वाढला व तो युद्धानंतरहि कांहीं काळ टिकला; इतकेंच नव्हे, तर तेथील मुलें मोठेपणीं अधिक प्रमाणांत कामावर होतीं व अधिक मिळवीत होतीं. सरकारनें विमानें तयार व्हावींत म्हणून पैसा दिला. त्याचें व्याज मात्र ती मुलें मोठीं झाल्यावर पदरांत पडलें.

त्याच सुमारास ठाणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकास एक वेगळा प्रयोग आरंभला जात होता. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरांतील बालमंदिरें खर्चाचीं होतीं. तेथील साधनें परदेशी धर्तीचीं होतीं. बोर्डीस शंख, शिंपले, बिया, पानें आणि माती यांचीं साधनें झालीं. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. अंगणवाडी या शब्दामागें ही हकीकत आहे. पुढें हें कार्य जवळच्याच कोसबाड येथें वारली वस्तींत गेलें. तेथें एक गोष्ट अनुभवानें कळून आली. प्राथमिक शाळेंत मुली कां येत नाहींत याचा शोध घेतां, त्यांच्या कडेवर धाकटीं भावंडें आहेत असें दिसलें. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणून त्यांनीं विकासवाडी उभी केली. तान्हें पाळण्यांत गेलें कीं आठ वर्षांची बहीण मोकळी होते. एका पाळण्याच्या खर्चांत एक मूल सांभाळलें जातें, एक मुलगी शिकते आणि एक आई निर्धास्तपणें शेतावर जाते. अर्थशास्त्राचा कोणताहि ग्रंथ न उघडतां कोसबाडच्या टेकडीवर हा हिशेब मांडला गेला.

महाराष्ट्रांतील दुसरा दाखला रोजगार हमी योजनेचा. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामावर बायकांची गर्दी झाली, आणि रस्त्याच्या कडेस झाडाला झोळी बांधून मुलें निजवलेलीं दिसूं लागलीं. वि. स. पागे यांच्या प्रयत्नानें जी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ सालीं झाला. शहरांतील नोकरदारांकडून व्यवसायकर घ्यावा आणि तो पैसा खेड्यांतील श्रमिकास काम देण्यासाठीं लावावा, ही तिची व्यवस्था होती. कामावर पाणी, सांवली आणि मुलें सांभाळण्याची सोय असावी असें तींत ठरलें. पुढें २००५ सालीं सबंध देशासाठीं रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हां या सोयीचें स्वरूप अधिक स्पष्ट करण्यांत आलें. सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें कामावर आलीं असतील, तर मजूर स्त्रियांपैकींच एकीस त्यांना सांभाळण्यास नेमावें, आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली. प्रत्यक्षांत ती सर्वत्र पाळली गेली असें म्हणतां येत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं झोळी झाडालाच राहिली. परंतु तिच्यांतील तत्त्व मोलाचें आहे. मूल सांभाळणें हें काम आहे, आणि त्याची मजुरी माती उपसण्याच्या मजुरीहून कमी नाहीं, हें देशाच्या कायद्यानें त्या ठिकाणीं लिहून दिलें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणीं प्रायोगिक रीतीनें सुरू केली. अंगणांतील बालवाडीचें नांव देशभर गेलें. पुढें या अंगणवाड्यांची संख्या तेरा लक्षांहून अधिक झाली. खाऊ, लसीकरण, वजनाची नोंद आणि खेळगाणीं हें तिचें मुख्य काम ठरलें. परंतु अंगणवाडी कांहीं तासच उघडी राहते, आणि तीन वर्षांखालील मुलास तेथें दिवसभर ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणीं झाली नाहीं. शिधा घरीं मिळाला, पण आईचे हात मोकळे झाले नाहींत. मुलाच्या पोटाचा विचार झाला, आईच्या मजुरीचा राहून गेला.

असा खर्च कितपत फळतो, याचा अलीकडचा पुरावा तामिळनाडूंतील आहे. तेथील ३२० अंगणवाड्यांच्या पाहणींत कांहीं अंगणवाड्यांस अर्ध्या वेळाची आणखी एक सेविका दिली गेली. शिकविण्याचा वेळ दुपटीनें वाढला, मुलांची प्रगति सुधारली आणि कुपोषणहि घटलें. मुलांच्या पुढील आयुष्यांतील कमाईंत जी वाढ होईल, ती या खर्चाच्या तेरा ते एकवीस पट असावी, असा अर्थशास्त्रज्ञांनीं अंदाज केला. उलट बाजूहि सांगितली पाहिजे. कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें १९९७ सालीं दिवसाला पांच डॉलर घेऊन मुलें सांभाळण्याची योजना काढली. स्त्रियांचा रोजगार इतका वाढला कीं, त्यांच्या करांतून सरकारास खर्चाहून अधिक परत मिळालें, असा तेथील कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं हिशेब काढला. परंतु दुसऱ्या एका अभ्यासांत कांहीं मुलांमध्यें चिडखोरपणा व अस्वस्थता वाढल्याचें आढळलें. जागा घाईनें वाढविल्या गेल्या आणि दर्जा सर्वत्र सारखा राहिला नाहीं. तिजोरी भरली म्हणून मूल सुखी झालें असें समजूं नये, आणि नुसतें छप्पर घातलें म्हणून पाळणाघर झालें असेंहि समजूं नये. पैशाइतकेंच सांभाळणारें माणूस महत्त्वाचें असतें.

आणि येथेंच या हकीकतींतील एक बाकी अजून निघते. अंगणवाडी-सेविकेस जें मिळतें त्यास पगार म्हणत नाहींत, मानधन म्हणतात. रोजगार हमीच्या कायद्यानें मूल सांभाळणारीस मजूर मानलें. अंगणवाडीच्या योजनेनें तिला स्वयंसेविका मानलें. तिनें वजनें घ्यावींत, नोंदी ठेवाव्यात, खाऊ वांटावा, शिकवावें, आणि तिचें काम मात्र सेवा म्हणून गणावें, असा हा व्यवहार आहे. एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अंगणवाडी-सेविका व मदतनीस यांना उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असा निर्णय दिला. तेवढ्यापुरतें तरी त्यांचें काम हें काम ठरलें.

श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, या सर्व काळांत पाळण्याचा खर्च एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरत आला आहे. मुंबईच्या चाळींत तो अफूच्या गोळीबरोबर मुलानें सोसला. कायदा झाल्यावर तो मालकावर गेला, आणि मालकानें तो नोकरी न देऊन स्त्रीकडे परत केला. खेड्यांत तो आठ वर्षांच्या बहिणीनें शाळा सोडून फेडला. सरकारनें तो उचलला तेव्हां त्याचा एक भाग अंगणवाडी-सेविकेच्या तुटपुंज्या मानधनांतून भरून काढला गेला. ज्या ज्या ठिकाणीं तो सर्वांच्या तिजोरींतून आणि पुरेपूर दिला गेला, तेथें तो आईच्या मजुरीच्या, बहिणीच्या शिक्षणाच्या आणि मुलाच्या पुढील कर्तृत्वाच्या रूपानें परत आलेला आहे. घरांत तान्हें मूल असलें म्हणजे पाळण्याची दोरी कोणीतरी धरावीच लागते. ती धरणारा हात फुकट मिळतो, हा समज मात्र आतां सोडून दिला पाहिजे.